आलोच आहोत तर

नागपुरात सहल ठरते ती रात्री साडेदहानंतर, पानठेल्यावर. दिवसाउजेडी ठरलेल्या सहलीला खर्चाचा अंदाज असतो, रजेचा अर्ज असतो, बायकोचं मत असतं. त्यामुळे ती होत नाही. ठेल्यावर मात्र खर्रा घोटला जात असतो, हवा बरी सुटलेली असते आणि कोणीतरी एकदम म्हणतो, "उद्या चाल ना बे पचमढीले." एरवी कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितलं तर ज्यांना गुडघा आठवतो, ती सगळी मंडळी एका सुरात म्हणतात, "हाव, पाचले निघू." पाचला निघणं म्हणजे काय, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. पाचला एक जण फोन करतो आणि बाकीचे तो उचलत नाहीत.

या उत्साहाचं खापर मी झिरो माइलच्या खांबावर फोडतो. विधान भवनाजवळ तो खांब आहे, शेजारी चार घोडे आहेत, आणि खाली दगडावर इंग्रजांच्या मोजणीवाल्यांनी अंतरं कोरून ठेवलेली आहेत. शिवनी ७९ मैल, छिंदवाडा ८३, बैतूल १०१, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. मुंबई नाही, पुणं तर नाहीच. हे वाचत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला वाटणारच की, सगळी गावं आपल्याभोवती रिंगण करून बसली आहेत आणि आपण नुसतं उठायचाच अवकाश आहे. हल्लीच्या भारताचा मध्य तिकडे मध्य प्रदेशात करौंदी नावाच्या गावी आहे, असं कोणी सांगायला आलं तर आम्ही त्याला चहा पाजतो आणि विषय बदलतो. त्या घोड्यांकडे मात्र एकदा नीट बघावं. चारही उधळलेले, पुढचे पाय हवेत, आयाळ वाऱ्यावर. आणि इतक्या वर्षांत एकही जागचा हललेला नाही. आमच्या सहलींचं इतकं हुबेहूब स्मारक दुसऱ्या कुठल्या शहराने उभारलेलं मला माहीत नाही.

मुंबईचा माणूस अंतर मिनिटांत सांगतो. आम्ही नाश्त्यात सांगतो. रामटेक अर्ध्या नाश्त्यावर, सेवाग्राम एका नाश्त्यावर, चिखलदरा एक नाश्ता आणि एक जेवण. पचमढी दोन नाश्ते, एक जेवण आणि मधे कोणाला तरी मळमळ. पचमढीचं नाव पहिल्यांदा निघतं याला इतिहास आहे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा उन्हाळा लागला की सरकार पचमढीला जायचं, गव्हर्नर, कारकून, फायली, शाईच्या दौतींसकट. १९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली, पचमढी मध्य प्रदेशात राहिली आणि आम्ही इकडे आलो. पण उन्हं तापली की अजून नागपूरकराच्या अंगात तो जुना कारकून जागा होतो. फरक एवढाच, की ते अख्खं सचिवालय हलवायचे आणि आम्हाला सात माणसं एका गाडीत बसवता येत नाहीत.

गेल्या आषाढातली गोष्ट. ठेल्यावर "निघू" म्हणणाऱ्यांत मी कायम पहिला असतो. माझ्याकडे डोंगर चढायचे बूट आहेत; ते आजवर बुधवार बाजाराच्या पलीकडे गेलेले नाहीत. त्या रात्री पचमढीचा ठराव मेहुण्याने मांडला आणि मी अनुमोदन दिलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "दादा म्हणाला? मग होत नाही," आणि कूस बदलून झोपली. पण शेजारच्या काकांनी जिन्यात आमचं बोलणं ऐकलं होतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. विदर्भातलं कुठलंही धरण, तलाव, कालवा, पाट त्यांच्या ओळखीचा. त्यांनी रात्रीच काकूंना उठवलं, आणि काकू उठल्या म्हणजे सहल होणार हे नक्की झालं, कारण काकूंनी कणीक काढली.

"पचमढीले निघता अन् घरून काहीच नेत नाही?" काकू म्हणाल्या. "मी रोडग्याचं सामान घेते."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जाडसर दळलेल्या कणकेच्या पुऱ्या एकीवर एक गुंडाळून मुठीएवढा गोळा करायचा, गवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचा, राख झटकून फोडायचा आणि त्यात तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे शेतात, झाडाखाली, हिवाळ्यात करायचं असतं. आषाढात रोडग्याची पार्टी करणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो, नाहीतर माझा मेहुणा. "ढग कुठी आहे जी?" तो आभाळाकडे बोट दाखवून म्हणाला. खरंच नव्हता. पाऊस दडी मारून बसला होता आणि सकाळी सातलाच डोक्याला दुपट्टा बांधायची पाळी आली होती.

सातला, कारण पाचला फक्त काका तयार होते. ते खाली गाडीशेजारी उभे राहून दर दहा मिनिटांनी वर बघून "अहो!" म्हणत होते आणि चौथ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या काकू खिडकीत येत होत्या. आम्ही मनीषनगरात राहतो. मेहुणा आणि वहिनी त्रिमूर्तीनगरात. गवऱ्या दिघोरीच्या एका गोठ्यात सांगून ठेवलेल्या. गाडी चालवणार भाचा, तो नंदनवनात. जायचं होतं उत्तरेला, म्हणून आम्ही आधी बाकीच्या तीन दिशा उरकून घेतल्या. गवऱ्यांचं पोतं मागच्या सीटच्या पाठीशी ठेवलं आणि त्याच्याच पुढ्यात मला बसवलं. जावयाचा मान नागपुरात असा राखतात.

नंदनवनातून निघाल्यावर सगळ्यांना एकदम भूक लागली. तर्री पोह्यांचा ठेला दिसला की नागपूरची गाडी आपोआप डावीकडे वळते, त्याला चालक लागत नाही. पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, वर चिवडा आणि कच्चा कांदा. पहिली प्लेट भुकेची, दुसरी चवीची, तिसरी "आता संध्याकाळपर्यंत काही मिळणार नाही" म्हणून. मेहुण्याने तिसऱ्या प्लेटवर "तर्री मार के" असं सांगितलं तेव्हा साडेनऊ वाजले होते.

"पचमढीचा एक नाश्ता इथंच संपला," काका घड्याळ बघत म्हणाले. "पूर्वी बरं होतं. छिंदवाड्याची छोटी लाइन होती. गाडीतून उतरावं, बोरं तोडावी, पुन्हा चढावं."

छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, आता तिथे मोठी लाइन आहे. तिच्यातून कोणी बोरं तोडायला उतरत नाही. पचमढी रद्द झाली. मग ठेल्याशेजारीच संसदेचं अधिवेशन भरलं. मेहुणा म्हणाला चिखलदरा. वहिनी म्हणाल्या, तो उलट्या बाजूला आहे. मेहुणा म्हणाला ताडोबा. भाचा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मामा, पावसाळ्यात कोअर बंद असते." मेहुणा म्हणाला, बंद असलं म्हणून काय झालं, वाघ बाहेर येत असतील. बायको म्हणाली, अंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम आहे. काका म्हणाले, पाऊस नाही तर पाच नद्या पाहून काय करता, नळ पाहा. मी काही म्हणालो नाही. माझ्या मांडीवर पोत्यातून निसटलेल्या दोन गवऱ्या होत्या आणि त्या धरून माणसाला ठाम मत देता येत नाही.

शेवटी रामटेक ठरलं. नागपुरातली कुठलीही सहल, तिला पुरेसा वेळ वाद घालू दिला, की शेवटी रामटेकलाच जाते. पन्नासेक किलोमीटर. वाद संपेपर्यंत माणसं पायी पोचली असती.

कामठी रोडला गड्डीगोदामाशी आलो तर नवाच पेच. तिथे आता चार मजली वाहतूक आहे: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. काका म्हणाले, "वरून चाल." मेहुणा म्हणाला, "खालून चाल, खाली चहा भेटते." भाच्याने गोंधळून गाडी मधेच हळू केली. मागून एकाने अख्ख्या नागपूरला ऐकू जाईल असा हॉर्न दिला आणि शेजारून जाताना काच खाली करून विचारलं, "काऊन भाऊ, घर बांधून राहिला का इथं?"

कन्हान ओलांडली आणि मला वाटलं, आता सरळ रस्ता. पण सहलीत एक माणूस असा असतोच, ज्याला सरळ रस्ता म्हणजे वाया गेलेला रस्ता वाटतो. आमडी फाटा दिसताच काका सीटवरून अर्धे उठले.

"आलोच आहोत तर नवेगाव खैरी पाहून घेऊ. जवळच आहे."

"काय आहे तिथं?" वहिनींनी विचारलं.

"पेंचचं पाणी. तुमच्या घरी नळाले येते ना, ते इथूनच येते."

रोज सकाळी जे स्वतःहून आमच्या घरी येतं, त्याला भेटायला आम्ही उन्हातून वाकडी वाट करून गेलो. काकांनी धरणाकडे बघून हात जोडले. त्यांनी दरवाजे, कालवे, विसर्ग, गळती यांची माहिती इतक्या प्रेमाने सांगितली की भाच्याने मोबाइल खिशात ठेवला. तो नंतर म्हणाला, बॅटरी संपली होती.

तिथून परत हमरस्त्याला, मग मनसर. "आलोच आहोत तर," काका म्हणाले. मनसरच्या टेकडीवर उत्खननात निघालेलं विटांचं मोठं बांधकाम आहे, वाकाटकांच्या काळचं. बायका उन्हातून वर चढल्या, पदराने घाम पुसला आणि बराच वेळ त्या विटांकडे बघत राहिल्या. वहिनी म्हणाल्या, "विटाच आहेत ना जी."

"दीड हजार वर्षांच्या," काका दुखावून म्हणाले.

"तरी कुठी पोपडा नाही," मेहुणा वाकून हात फिरवत म्हणाला. त्याच्या फ्लॅटचा ताबा मिळून फार दिवस झाले नव्हते. भिंतीला लावलेलं कॅलेंडर खिळ्यासकट खाली येत होतं. त्या टेकडीवर वाकाटकांबद्दल खरा आदर मला त्याच्याच चेहऱ्यावर दिसला.

गाडीत बसल्यावर मी काकांवर चिडलो होतो, पण रामटेकचा गड दिसू लागला आणि माझा राग गेला. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे हाच, असं आमच्या महामहोपाध्याय मिराशींनी पुराव्यांनिशी मांडून ठेवलं आहे. काही पंडित तो मान छत्तीसगडातल्या रामगढला देतात; त्यांनाही आम्ही चहा पाजतो. तर त्या काव्यात शापित यक्ष या टेकडीवरून ढगाला अलकानगरीचा रस्ता सांगतो. ढगाला जायचं सरळ उत्तरेला, हिमालयाकडे. बायकोसाठी निरोप आहे, विरहाने जीव चालला आहे, एकेक दिवस युगासारखा. अशा वेळी शहाणा माणूस काय सांगेल? जा बाबा तातडीने. पण यक्ष सांगतो, वाट वाकडी होईल खरी, पण उज्जयिनी पाहिल्याशिवाय जाऊ नकोस. मग तिथले वाडे, तिथल्या स्त्रिया, महाकाळाची संध्याकाळची आरती, शिप्रेवरचा वारा. त्याआधी रेवा, विदिशा. पुढे दशपूर, कुरुक्षेत्र. वाटेत डोंगर लागला तर विसावा घे, नदी लागली तर पाणी पी. बायको तिकडे दिवस मोजते आहे आणि हा इकडे ढगाला प्रेक्षणीय स्थळं सांगतो आहे! हे वाचून लोक प्रेम बघतात, निसर्ग बघतात. मला तर स्पष्ट दिसतं की यक्ष मूळचा पाटबंधारे खात्यातला असणार.

रामटेकला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते आणि कोणालाही रोडग्यांशिवाय काही दिसत नव्हतं. जागा काकांनी आधीच ठरवली होती: खिंडसीच्या अलीकडे, त्यांच्या जुन्या ओळखीच्या एका माणसाचं शेत. खूण, मोठं आंब्याचं झाड. काका त्या शेतात शेवटचे आले होते तेव्हा ते नोकरीत होते. आम्ही त्या रस्त्यावरून गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. आंब्याची झाडं मुबलक होती, पण काकांना एकही ओळखीचं वाटेना. शेवटी एका म्हाताऱ्याला विचारलं. तो गाडीत डोकावला, गवऱ्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "ते झाड तं कवाचंच पडलं जी. अन् शेतही विकलं. आता तिथं लॉन आहे. लग्नाचं."

"मग तिथंच बसू," मेहुणा म्हणाला. लॉनवर साखरपुडा चालू होता. भाच्याने आत जायची तयारी दाखवली, नुसती चौकशी करायला. बायकोने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. मला कळेना की तिने त्याला का अडवलं. आतून पनीरचा वास येत होता.

"आलोच आहोत तर आधी दर्शन करू," काकू म्हणाल्या. हे वाक्य काकूंच्या तोंडून आल्यामुळे त्यावर वाद झाला नाही. आम्ही गडावर गेलो. माकडांविषयी आजवर इतकं लिहिलं गेलंय की मी एवढंच सांगतो: एकाने माझ्या खिशातून चष्म्याचं घर काढून घेतलं, उघडून पाहिलं, आत चष्मा नाही असं दिसल्यावर माझ्याकडे अत्यंत तुच्छतेने बघितलं आणि ते परत माझ्या अंगावर फेकलं.

गडावर वराहाची भली मोठी दगडी मूर्ती आहे. लोक सांगतात की तिच्या पोटाखालून पलीकडे सरपटत गेलं की पुण्यवान, आणि जो अडकला तो पापी. काकूंनी ही गोष्ट सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली आणि बायकांनी एकदम आम्हा पुरुषांकडे बघितलं.

मूर्तीखालची जागा आणि आमची पोटं यांचा हिशेब मी मनात केला. सकाळची तिसरी प्लेट मला आठवली.

"चला काका," मी म्हणालो, "वडीलमाणसं आधी."

"नाही जी, जावयाचा मान पहिला," काका म्हणाले.

"मी तं भाऊ आहे, घरचाच," मेहुणा दोन पावलं मागे सरकत म्हणाला. "घरच्यांचं मागून."

"दादा," माझी बायको गोड आवाजात म्हणाली, "तू काऊन घाबरून राहिला?"

"पापाचं नाही गं. तर्री अडकते."

इतका वेळ ज्या पाहुणचाराची सवय नव्हती, तो एकमेकांना करत आम्ही तिघे त्या वराहासमोर उभे होतो. काका म्हणाले, त्यांना कमरेचा त्रास आहे. मेहुणा म्हणाला, त्याला बंद जागेची भीती वाटते. कधीपासून, ते वहिनींनी विचारलं. मी बूट काढायला वाकलो आणि लेस सोडवण्यात जितका वेळ घालवता येईल तितका घालवला. आणि तेवढ्यात, सबंध दिवस ज्याचा पत्ता नव्हता तो ढग आला. यक्षाने उज्जैनला धाडलेलाच तो असावा, इतक्या उशिरा आला. पण आला तो असा, की दोन मिनिटांत मंदिराच्या पायऱ्यांवरून पाट वाहू लागले. "पाऊस! पाऊस!" असं ओरडत आम्ही तिघे ज्या वेगाने गाडीकडे पळालो, त्या वेगाने सकाळी घरातून निघालो असतो तर पचमढी झाली असती.

परतीच्या प्रवासात बोलणं कमी झालं. भाजीचा गंज काकूंच्या मांडीवर होता, वांगी चिरलेली होती, कणीक मळलेली होती आणि कोणाच्याही पोटात काही नव्हतं. कामठीला मेहुण्याने समोशांचं नाव काढलं. काकूंनी मागे वळून त्याच्याकडे बघितलं. तो थेट गड्डीगोदामापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

रात्री आठला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली. पाऊस इथे झालाच नव्हता. नागपुरात पाऊसही मोहल्ल्यामोहल्ल्याने पडतो. पोत्यातल्या वरच्या गवऱ्या ओल्या होत्या, तळातल्या कोरड्या. काकूंनी आजूबाजूला बघितलं, सेक्रेटरींच्या स्कूटरची जागा रिकामी दिसली, आणि तिथे त्यांनी गवऱ्या रचायला सुरुवात केली. कोणी काही विचारलं नाही. चौकीदाराने न सांगता विटा आणून दिल्या. मेहुणा फुंकर मारत होता. धूर दुसऱ्या मजल्यावर गेला तशा तिथल्या दोन वहिन्या खाली आल्या. एकीने शेंगदाण्याची चटणी आणली, दुसरीने चटई. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खुर्ची घेऊनच आले. काका त्यांना नवेगाव खैरीबद्दल सांगू लागले. पहिले रोडगे निखाऱ्यात पुरले तेव्हा पार्किंगमध्ये इतकी माणसं होती की गणेशोत्सवाच्या मीटिंगलाही येत नाहीत.

साडेनऊला सेक्रेटरी स्कूटरवरून आत आले. हेल्मेट न काढताच त्यांनी जाळाकडे बघितलं.

"हे काय चालू आहे? पार्किंगमध्ये गवऱ्या पेटवायची परवानगी कोणी दिली?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी लेस बांधायला वाकलो.

"बसा जी," काकू म्हणाल्या. "पहिला रोडगा फुटूनच राहिला."

"नियम म्हणजे नियम, काकू. लेखी अर्ज लागतो. फायर सेफ्टीचा प्रश्न आहे. उद्या कोणी तक्रार केली तर मला उत्तर द्यावं लागतं." त्यांनी हेल्मेट काढलं, चटईच्या कडेला टेकले आणि गंजात डोकावले. "भाजीत मेथी घातली का?"

"थोडीशी."

"अर्ज उद्या द्या," सेक्रेटरी म्हणाले. "तूप पुरेल ना एवढ्या लोकांना? नाहीतर मी वरून आणतो."